मदत हवी आहे: टॅबवर येणारे शब्द घरात कसे वापरायला लावायचे?

नमस्कार. नाशिकला सिडकोत राहतो. मुलगा पाच वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालंय. ऐकण्याची तपासणी नॉर्मल. आठवड्यातून एकदा स्पीच थेरपी, घरी फक्त मराठी.

थेरपिस्टच्या सल्ल्याने आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप मराठीतून वापरतोय. चित्रावर बोट ठेवलं की ते शब्द बोलतं. शिवाय लॅपटॉपवर चित्रं ओळखायचे खेळ. तिथे तो झटपट शिकतो. 'पाणी' बरोब्बर निवडतो, कधी स्वतः म्हणतोही. पण खरोखर तहान लागली की माझं मनगट धरून माठाकडे ओढत नेतो. टॅब शेजारी असला तरी बघत नाही. माठावर तेच चित्र चिकटवून पाहिलं. आम्हीही बोलताना टॅबवर बोट ठेवतो. फरक अगदी थोडा.

ॲप बंद करा, असं कृपया सांगू नका. शब्दांची गोडी त्याला तिथेच लागलीय. टॅब जुना अँड्रॉइड आहे, महागडं सॉफ्टवेअर परवडणार नाही.

ज्यांची मुलं स्क्रीनवरचा शब्द खरोखर मागण्यासाठी वापरू लागली, त्यांनी सुरुवात कुठून केली? घरातल्याच वस्तूंचे फोटो आणि आईचा आवाज टाकून उपयोग झाला का? आणि टॅब दिवसभर त्याच्याजवळ ठेवायचा, की ठरावीक वेळीच द्यायचा?