किडनीतला 'मास' म्हणजे गाठच ना? मग मराठीत वेगळं काय म्हणायचं?

कोरा_कागद: मामांच्या सोनोग्राफीत उजव्या किडनीवर 'रीनल मास' असं आलंय, साडेतीन सेंटीमीटर. आजीला गाठ आहे म्हटलं तर म्हणते शेजारणीच्या किडनीत पण गाठ होती, पाण्याची, तिला कुठं काय झालं. मग मासला शब्द कुठला वापरू?

वॉर्डवाली: मराठीत गाठ म्हणजे सगळंच हो, चरबीची, पाण्याची, कॅन्सरची. पाण्याची ती सिस्ट, साधी असेल तर बहुतेकदा काही करत नाहीत. मासला आम्ही पेशंटला 'भरीव गाठ' सांगतो. भरीव म्हणजे कॅन्सरच असं नाही, अँजिओमायोलायपोमा नावाची साधी गाठ पण असते, पण संशय जास्त म्हणून कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला सीटी स्कॅन) करतात. आणि डॉक्टरांना विचारा की 'किडनी काढायची' म्हणताय की 'किडनीतली गाठ काढायची', कारण चार सेंटीमीटरच्या आतली असेल तर बऱ्याचदा तेवढाच भाग काढून बाकीची किडनी ठेवता येते, घरचे मात्र फोनवर एकमेकांना किडनी काढणार एवढंच सांगत सुटतात.

भाषेचा_किडा: शाळेच्या पुस्तकात वृक्क, पेपरात मूत्रपिंड, मटणाच्या दुकानात गुर्दा, बोलताना किडनी 😀 वृक्काच्या डोक्यावर बसलेली ती अधिवृक्क ग्रंथी. 1883 मधे ग्राविट्झ नावाच्या जर्मन डॉक्टरला वाटलं की किडनीतला कॅन्सरचा ट्यूमर अधिवृक्काच्याच भरकटलेल्या पेशींतून होतो, त्यावरून पुढे हायपरनेफ्रोमा (किडनीच्या वरचा ट्यूमर अशा अर्थाचं) नाव पडलं. समज चुकीचा निघाला तरी नाव कितीतरी वर्षं चिकटून राहिलं, आता रीनल सेल कार्सिनोमा म्हणतात.

वऱ्हाडी_ठेचा: आमच्याकडे लघवी लाल झाली की 'उन्हाळी लागली', धनेजिऱ्याचं पाणी प्या न् झोपा. हा शब्द लय घात करते.

वॉर्डवाली: अगदी! उन्हाळी म्हणजे जळजळ, थेंब थेंब होणं. काहीच न दुखता लाल लघवी झाली तर तिला उन्हाळी म्हणूच नका, सरळ 'लघवीतून रक्त' म्हणा आणि एकदाच होऊन थांबलं तरी दाखवा. दुसरा असाच शब्द किमो. किडनीच्या या कॅन्सरवर नेहमीची किमो फारशी चालत नाही, पसरलेला असेल तर टार्गेटेड गोळ्या (कॅन्सरच्या वाढीवर नेम धरणाऱ्या) नाहीतर इम्युनोथेरपी (आपलीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) देतात, पण सलाईन लावलं की नातेवाईक किमोच म्हणतात.

कोरा_कागद: आजीला भरीव गाठ सांगितलं. आता विचारते, मग हाताला का लागत नाही?

वॉर्डवाली: किडनी पार पाठीकडे, बरगड्यांखाली असते, एवढी लहान गाठ बाहेरून लागत नाही म्हणावं. म्हणूनच बऱ्याच जणांची दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते.