मदत हवी आहे: पीएम वेळेवर होतंय, तरी ब्रेकडाऊन हटत नाहीत

नमस्कार. मी एका प्रोसेस प्लांटमध्ये मेंटेनन्सचं प्लॅनिंग बघतो. पंप, ब्लोअर, कन्व्हेअर, गिअरबॉक्स धरून साडेतीनशेच्या आसपास मशिन, तिन्ही शिफ्ट चालू. दीड वर्षापूर्वी आलो तेव्हा पीएम (प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, म्हणजे बिघाडाआधीच ठरावीक वेळी करायची देखभाल) नुसतं कागदावर होतं. ते रुळावर आणायला वर्ष गेलं. आता ठरलेल्या शंभर पीएमपैकी पंच्याण्णव त्या त्या आठवड्यात होतात. ब्रेकडाऊन मात्र आहेत तिथेच आहेत, आणि रात्री दोन वाजता फोन येतो तेव्हा तो बऱ्याचदा नुकतंच पीएम झालेल्या मशिनचाच असतो.

गेल्या महिन्यातला प्रसंग सांगतो. ब्लोअरच्या मोटरचं पीएम रविवारी झालं. मंगळवारी रात्री बेअरिंग तापून मोटर ट्रिप. उघडली तर ग्रीस वाइंडिंगपर्यंत गेलेलं. ग्रीस बाहेर पडायचा ड्रेन प्लग रंगाखाली बुजून गेला होता, तो कुणी काढलाच नव्हता. चेकलिस्टवर ओळ काय, तर ‘बेअरिंगला ग्रीस भरणे’, पुढे बरोबरची खूण. किती भरायचं हे कुठेच लिहिलेलं नाही.

बेअरिंग ६३१२. बाहेरचा व्यास १३० मिमी, रुंदी ३१ मिमी. नेहमीच्या सूत्राने ०.००५ × १३० × ३१, म्हणजे साधारण २० ग्रॅम. मग आमची ग्रीस गन वजनकाट्यावर नेली. दहा स्ट्रोकला १३ ग्रॅम भरलं, म्हणजे त्या बेअरिंगला पंधरा-सोळा स्ट्रोक पुरे. फिटरला विचारलं तर तो म्हणाला, “साहेब, गन जड लागेपर्यंत मारतो, चाळीस तरी होतात.” आणि हे दर महिन्याला! त्या आकाराच्या बेअरिंगला, त्या आरपीएमला, ग्रीसिंगचं अंतर काही हजार तासांचं येतं. महिना म्हणजे सातशे वीस तास.

त्या दिवसापासून बाकीच्या चेकलिस्टवरचाही विश्वास उडालाय. कोणतं पीएम ठेवायचं, कोणतं काढायचं, हे ठरवायचं कशावरून? जुनी नोंद बघावी तर निम्म्या ब्रेकडाऊनपुढे कारण ‘इतर’ असं लिहिलेलं आहे. आणि पीएम कमी करू म्हटलं की वरून एकच प्रश्न येतो, “म्हणजे मेंटेनन्स कमी करणार का?” ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

चेकलिस्टला हात लावण्याआधी एक मोजणी करा. प्रत्येक ब्रेकडाऊनपुढे एवढंच लिहा: त्या मशिनचं आधीचं पीएम होऊन किती दिवस झाले होते? पीएमचा उपयोग होत असेल तर बिघाड पुढच्या पीएमच्या जवळ जमायला हवेत. मागच्या पीएमला चिकटून जमत असतील, तर पीएमच मशिन बिघडवतंय.

ही गोष्ट जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये वॉडिंग्टन नावाचे शास्त्रज्ञ होते. लिबरेटर विमानांची दर ५० उड्डाणतासांनी तपासणी व्हायची. त्यांना दिसलं की अचानक निघणाऱ्या दुरुस्त्या तपासणीनंतर लगेच सर्वात जास्त असतात आणि पुढे कमी होत जातात. चांगलं बसलेलं काम उघडलं की ते पुन्हा तसंच बसेल याची खात्री नसते. आमच्याकडे मी हेच कपलिंगच्या, म्हणजे मोटर आणि मशिनचे शाफ्ट जोडणाऱ्या भागाच्या, बाबतीत बघितलंय. नुसतं ‘बघायला’ म्हणून सोडवलं आणि अलाइनमेंट न करता, म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत न आणता, परत जोडलं.

दुसरी गोष्ट, १९७८ साली नोलन आणि हीप यांनी प्रवासी विमानांच्या भागांवर अहवाल दिला. वय वाढलं की बिघाड वाढतो असे भाग ११ टक्के निघाले. ६८ टक्के भागांत बिघाडाचा धोका नवीन बसवल्यावर जास्त आणि मग सपाट होता. हे आकडे जसेच्या तसे तुमच्या प्लांटला लावू नका. स्लरी पंपाचा इम्पेलर झिजतो, बेल्ट झिजतो, तिथे वय नक्की चालतं. पण ‘ठरावीक महिन्यांनी बदला’ असं जिथे लिहिलंय, तिथे झीज खरंच दिसते का, हे विचारायचा हक्क त्या अहवालाने दिलाय.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मोजणी झाली की चेकलिस्टची एकेक ओळ घ्या आणि विचारा, या ओळीमुळे कोणता बिघाड आधी कळतो? उत्तर आलं नाही तर ओळ काढा. उत्तर आलं तर ओळ मोजता येईल अशी लिहा. ‘व्हायब्रेशन तपासणे’ याला अर्थ नाही. कोणत्या बिंदूवर, किती मिमी प्रति सेकंद, आणि कितीच्या वर गेलं की जॉबकार्ड काढायचं, हे हवं.

तपासणीचं अंतर एमटीबीएफवरून, म्हणजे दोन बिघाडांमधल्या सरासरी वेळेवरून, काढू नका. ही चूक मी स्वतः केली आणि दोन वर्षं तसाच चाललो. ती सरासरी कितीही असो, तपासणीच्या कामाची गोष्ट वेगळीच असते: पहिली खूण दिसल्यापासून मशिन बंद पडेपर्यंत किती वेळ मिळतो? बेअरिंगचा आवाज बदलल्यापासून जाम होईपर्यंत आठ आठवडे मिळत असतील, तर तपासणी चार आठवड्यांच्या आत हवी. बेअरिंग सरासरी पाच वर्षं टिकतं की दहा, याने इथे काही फरक पडत नाही.

आणि प्रेशर व्हेसल, सेफ्टी व्हॉल्व्ह, लिफ्टिंग टॅकल, इंटरलॉक, यातलं काहीही या कात्रीत आणू नका. कायद्याने आणि जिवासाठी जे ठरलंय ते तसंच राहू दे.

प्रतिसाद ३

मी बारा वर्षं फिटर होतो, आता सुपरवायझर आहे. ‘इतर’ का लिहिलं जातं ते सांगतो. रात्रीचं काम संपतं, हात ग्रीसने भरलेले असतात, स्क्रीनवर साठ कोडची यादी उघडते. जो वर दिसेल तो दाबतात. आम्ही ती यादी काढून टाकली आणि तीनच रकाने ठेवले: कोणता भाग गेला, कसा गेला, काय बदललं. बदललेला भाग जॉब नंबरची चिठ्ठी बांधून आठवडाभर टेबलवर ठेवायचा. जुनं बेअरिंग हातात घेतलं की रेस (गोळ्या फिरतात ती कडी) बघूनच निम्मं कारण कळतं, कागदावरून कळत नाही.

तुमच्या त्या फिटरवर राग धरू नका. गन जड लागेपर्यंत मारायची हे त्याला कुणीतरी शिकवलंय आणि ग्रॅम कुणी सांगितले नाहीत. निप्पलशेजारी मोटरवरच स्ट्रोकचा आकडा रंगवून टाका. आणि पीएमच्या आधी गॅसकेट, कपलिंगचं रबर, बोल्ट एका ट्रेमध्ये काढून ठेवत जा. सामान नसलं की माणूस जुनंच परत बसवतो आणि तुमच्या हिशेबात ते पीएम ‘वेळेवर’ होतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस बसून चौदा महिन्यांची मोजणी केली. मासिक पीएम असलेले ब्लोअर आणि पंप एवढेच घेतले. एकूण ६१ ब्रेकडाऊन. सारखे विखुरले असते तर पीएमनंतरच्या पहिल्या आठवड्यात चौदा-पंधरा यायला हवे होते. आले २३. त्यातले नऊ बेअरिंगचे, सहा कपलिंग आणि ढिल्या बोल्टचे.

प्रतिसाद १

आकडा बोलका आहे, पण एक खात्री करून घ्या. त्या २३ मधले काही असे नाहीत ना, की पीएममध्ये दोष दिसला, प्रॉडक्शनने मशिन दिलं नाही आणि मग ते बंद पडलं? ते पीएमच्या खात्यावर टाकू नका. ते प्लॅनिंगचं अपयश आहे, त्याचा उपाय वेगळा.

धागाकर्ता

बघितलं. तसे चार निघाले. चारही जॉबकार्डांवर ‘आवाज आहे, पुढच्या शटडाऊनला बघू’ असं लिहिलेलं होतं आणि ते पुढच्या शटडाऊनच्या यादीत कुणी चढवलंच नव्हतं. ही यादी आता मी स्वतः दर सोमवारी प्रॉडक्शनबरोबर बसून वाचतो.

उरलेले एकोणीस घेऊन वर गेलो. “मेंटेनन्स कमी करणार का” हा प्रश्न या वेळी आला नाही. सहा महिन्यांसाठी बारा ब्लोअरना परवानगी मिळाली आहे: ग्रीसिंग तासांवर आणि ग्रॅमवर, कपलिंग व्हायब्रेशन वाढल्याशिवाय उघडायचं नाही. काल पहिल्या मोटरचा ड्रेन प्लग खरवडून मोकळा केला. आत जुनं ग्रीस वाळून दगड झालं होतं, स्क्रू-ड्रायव्हरने उकरावं लागलं. त्याच फिटरने निप्पलशेजारी पांढऱ्या रंगात १६ लिहिलं.

आता अडलंय ते व्हायब्रेशनपाशी. हे बारा ब्लोअर लोखंडी स्ट्रक्चरवर आहेत, काँक्रीटवर नाहीत. अशा लवचीक पायावर अलार्मची पातळी आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानकाच्या) तक्त्यातून घ्यावी, की आधी प्रत्येक मशिनचं स्वतःचं चांगल्या अवस्थेतलं रीडिंग घेऊन त्यावरून ठरवावी? तुम्ही काय केलंत?