सभासदांपुरतीच भाजी-धान्याची अदलाबदल, नोंदणी लागते काय?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातली आम्ही 18 घरं, सगळी एक-दोन एकरवाली, दिवाळीपासून आपापसात माल फिरवतोय, रताळी, इंद्रायणी तांदूळ, मिरची, लोणी, ज्याच्याकडं जे असेल ते. रविवारी सकाळी एकाच्या सोप्यात तराजू लावतो, कुणी किती दिलं ते बाजारभावानं वहीत लिहितो आणि महिनाअखेरीला फरक रोख देतो. वर्गणी वर्षाला 200, बाहेरच्याला काही विकत नाही. दलालाला कवडीमोलानं द्यायची रताळी आता शेजारच्या चुलीवर शिजतात याचं फार समाधान आहे, म्हणून हे मोडू नये असं मनापासून वाटतं.

आता महाराष्ट्रातल्या चंदगडकडची 3 घरं काजू घेऊन यायचं म्हणतात, आणि आमच्यातल्या दोघी लोणचं करून देणार आहेत. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात शेतकऱ्याच्या हातातला स्वतःचा कच्चा माल धरत नाहीत हे वाचलंय, पण लोणचं म्हणजे बनवलेला पदार्थ झाला ना. पंचायतीत विचारलं तर त्यांना सांगता आलं नाही. एक सीए सहकारी संस्था काढा म्हणतात, तेवढा खर्च आणि कन्नडमधली कागदपत्रं आम्हाला झेपणार नाहीत. सहकारी नसलेल्या साध्या संस्थेसाठी 1960 च्या कर्नाटक सोसायटी नोंदणी कायद्यात 7 जण पुरतात एवढं कळलंय, पण असली देवाणघेवाण त्यात बसते का ते नाही.

बेळगाव, निपाणीकडं कुणी असा गट चालवत असाल तर सांगा, लोणच्यासाठी प्रत्येकीनं वेगळी नोंदणी करायची की गटाच्या नावानं एकच चालते, आणि चंदगडवाल्यांना सभासद करून घेता येतं का?