पाकिटावर 'सोडियम' लिहिलंय, मीठ किती ते कसं काढायचं?

प्रश्न:
बाबांना रक्तदाब निघाला. दिवसभरात मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. घरच्या स्वयंपाकातलं मी मोजून घालते, अडतंय ते पाकिटांपाशी. बाबांना संध्याकाळी पाकिटातलं सूप लागतं. त्यावर मीठ हा शब्दच नाही. 'सोडियम ६५० मिलिग्रॅम' आहे, तेही एका सर्व्हिंगला. पाकिटात दोन सर्व्हिंग, आणि बाबा एकटेच ते संपवतात. काल रात्री कागद-पेन घेऊन बसले, पण पुढे सरकता येईना. पुढच्या बाजूला ठळक 'लो फॅट' आहे, त्याचा मिठाशी काही संबंध असतो का?

उत्तर १:
ताई, सोडियमला अडीचने गुणा. मिठात वजनाने साधारण ४० टक्के सोडियम, बाकी क्लोराइड. म्हणून ६५० चे झाले १६२५ मिलिग्रॅम. बाबा दोन्ही सर्व्हिंग घेतात म्हणजे सव्वातीन ग्रॅम. पाचातले सव्वातीन एका सुपातच गेले! जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही हीच आहे, २००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ.

'लो फॅट' फक्त स्निग्ध पदार्थांबद्दल बोलतं, मिठाबद्दल नाही.

दोन पाकिटांची तुलना करताना सर्व्हिंगचा आकडा सोडा, कारण एकाची सर्व्हिंग दुसऱ्याच्या दुप्पट असू शकते. १०० ग्रॅमचा रकाना बघा. सुपाच्या बाबतीत मात्र जपून: तो आकडा कोरड्या पावडरीचा आहे की पाणी घालून तयार केलेल्या सुपाचा, ते बारीक अक्षरात असतं. मी स्वतः यात फसले होते. तयार सुपाचा आकडा दुसऱ्या पाकिटाच्या पावडरीच्या आकड्याशी ताडून पाहिला आणि आठवडाभर चुकीचं पाकीट 'कमी मिठाचं' म्हणून आईला दिलं. अजून वाईट वाटतं.

उत्तर २:
घटकांच्या यादीत 'मीठ' शेवटी दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि मीठ थोडंसंच पुरतं. शिवाय खाण्याचा सोडा, मोनोसोडियम ग्लुटामेट, सोडियम बेंझोएट यांतूनही सोडियम येतं. गोड बिस्किटांतही असतं. सोडियमच्या आकड्यात हे सगळं धरलेलं असतं, म्हणून विश्वास त्याच आकड्यावर ठेवा.

अंदाजासाठी सांगतो: ब्रिटनच्या रंगीत लेबलांवर खाण्याच्या पदार्थांत १०० ग्रॅममागे ०.३ ग्रॅमपर्यंत मीठ असेल तर हिरवा रंग, दीड ग्रॅमच्या वर लाल.

उत्तर ३:
एक कळकळीची विनंती. 'लो सोडियम' मीठ परस्पर सुरू करू नका. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. आधी डॉक्टरांना गोळ्यांची नावं दाखवून विचारा.

विचारणारी:
खूप आभार. आज स्वयंपाकघरातली सगळी पाकिटं ओट्यावर मांडली आणि बाबांनाच गुणाकार करायला बसवलं. सुपाचा आकडा त्यांनी दोनदा करून पाहिला. आता अर्धंच पाकीट घ्यायला तयार झालेत. तरी १.६ ग्रॅम होतंच, म्हणून उद्यापासून दोन दिवस घरचं, बिनमिठाचं, वर लिंबू पिळून. लो सोडियमचं डॉक्टरांना विचारून इथेच लिहीन.