मदत हवी आहे: दोन कॅम्पवाला गाण्यांचा सिनेमा (शनिवारच्या आत!)

फोंडेकरीण: शनिवारी देवळाच्या मंडपात वाड्यावरच्या मुलांना सिनेमा दाखवायचाय. काल घरी लावून बघितला तर त्यात दुसरा कॅम्पच नाही! तळ्यापलीकडच्या कॅम्पशी टक्कर होती ना? भाचीने तर पोस्टरवर दोन होड्या, दोन झेंडे रंगवून ठेवलेत. काय चुकलं?

खाजेवाला: अगो, सिनेमाचं नाव?

फोंडेकरीण: कॅम्प रॉक. अजून कुठला असणार!

म्हापशाचा शुक्रवार: जुळ्या बहिणी कॅम्पात भेटतात तो का?

खाजेवाला: तो नव्हे रे, त्यात गाण्यांची स्पर्धा कुठे? ताई, तुमच्या सिनेमातली मुलगी आपली आई कॅम्पात स्वयंपाक करते हे लपवते का?

फोंडेकरीण: हो! दुपारभर तेच चाललं होतं.

खाजेवाला: मग तुम्ही २००८चा पहिला भाग लावलात. टक्कर २०१०च्या 'कॅम्प रॉक २: द फायनल जॅम'मधे. समोर कॅम्प स्टार, चकचकीत, पैसेवाला. शेवट टीव्हीवर, मतं प्रेक्षकांची.

रिटायर्ड मास्तर: परदेशी कॅम्प कशाला? शिगम्यात, म्हणजे आपल्या होळीच्या सणात, दोन रोमटामेळ, ढोल घेऊन नाचणारी पथकं, समोरासमोर आली की काय ढोल वाजतात! तेच दाखवा.

खाजेवाला: मास्तर, मे महिन्यात शिगमो आणू कुठून?

सुकी सुंगटं: आधीच सांगते, आपला कॅम्प हरतो. माझा धाकटा ढसाढसा रडला. शेकोटीपाशी समोरच्या कॅम्पची मुलं आपल्या कॅम्पकडे येतात, तोवर पोरांना थांबवून धरा.

खाजेवाला: शेवट फोडलास गो! ती हार आहे म्हणूनच सिनेमा चांगला आहे.

सुकी सुंगटं: तुझ्या मांडीवर सहा वर्षांचं पोर रडलं नाही म्हणून बोलतोस.

म्हापशाचा शुक्रवार: पणजीत पोहण्याचा कॅम्प कुठे असतो, कुणी सांगेल?

फोंडेकरीण: दुसरा भाग सापडला. पण मोबाईलवरून प्रोजेक्टरवर घेतला तर नुसती गाणी ऐकू येतात, पडदा काळा.

खाजेवाला: हे आधी नाही का सांगायचं! ॲपवाले मोबाईलचा पडदा असा प्रोजेक्टरवर दाखवू देत नाहीत. लॅपटॉपला केबल लावून बघा. लॅपटॉप आहे ना?

फोंडेकरीण: भावोजींचा आहे. ते मडगावला गेलेत, रविवारी येणार.

रिटायर्ड मास्तर: ढोल माझ्याकडे आहेत.