त्सिशीचे फोटो: तिची बाजू की रंगसफेदी?

धागाकर्ती
चीनची राजमाता त्सिशी म्हटलं की लांब नखं, पडद्याआडचं राज्य आणि विषप्रयोग, एवढंच आपल्याला आठवतं. १८६१ पासून १९०८ पर्यंत, आधी मुलाला आणि मग पुतण्याला गादीवर बसवून, खरी सत्ता बहुतेक काळ तिच्याच हातात होती. माझं म्हणणं, तिच्याबद्दल मत बनवण्याआधी तिचे फोटो निवांत बघा.

१९०३-०४ मध्ये श्युनलिंग नावाच्या तरुणाने ते काढले. त्याचे वडील फ्रान्समध्ये चीनचे राजदूत होते. आत उजेड पुरेना, म्हणून उन्हाळी राजवाड्याच्या अंगणात सिंहासन, पडदे, गालिचे मांडले. शेजारी सफरचंदांची रास, डोक्यावर तिच्या बिरुदांची पाटी. एका फोटोत ती करुणेची देवता ग्वानयिन झाली आहे. दुसऱ्यात आरसा धरून केसात फूल खोवते आहे, आणि मला तोच सगळ्यात आवडतो.

१९०० मध्ये परकीय फौजा बीजिंगमध्ये घुसल्या आणि ती शिआनला पळाली. युरोपच्या वर्तमानपत्रांनी तिची राक्षसीण केली होती. तेव्हा तिने ठरवलं, माझा चेहरा मीच दाखवीन. एक फोटो अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना गेला. ही हौस नव्हे, हे राजकारण होतं आणि ते तिने स्वतः केलं.

प्रतिसाद १
अजिबात सहमत नाही. १८९८ मध्ये तिच्याच पुतण्याने, सम्राट ग्वांगशूने, सुधारणा सुरू केल्या, त्या १०३ दिवस टिकल्या. त्सिशीने त्याला तळ्यातल्या बेटावर कोंडलं आणि सहा सुधारकांची खटला न चालवता मुंडकी उडवली. त्यातला थान स-थोंग ३३ वर्षांचा होता. १९०० मध्ये परकीयांविरुद्ध उठलेल्या बॉक्सर बंडखोरांना हाताशी धरून परदेश्यांशी युद्ध पुकारलं आणि हरल्यावर ४५ कोटी तैल (चिनी वजनाचं माप) चांदीचा दंड रयतेच्या माथी आला. आणि फोटोंचं म्हणाल तर मूळ काच (निगेटिव्ह) आणि छापील प्रत शेजारी ठेवा. सुरकुत्या पुसल्या आहेत. जिने स्वतःचा चेहराही खरा ठेवला नाही, तिचा पुरावा कसला मानायचा?

प्रतिसाद २
सुरकुत्या पुसणं तेव्हा सगळ्याच स्टुडिओंत चाले, त्यावरून कुणी खोटं ठरत नाही. उलट तिच्याविरुद्धचा पुरावा तपासा. तिची बदनामी ज्या १९१० च्या पुस्तकातून पसरली, त्याचा एक लेखक एडमंड बॅकहाउस. त्यात आधाराला घेतलेली दरबारी माणसाची रोजनिशी बनावट निघाली. पाय बांधण्याविरुद्धचा १९०२ चा फतवा तिचाच. १९०५ मध्ये शतकानुशतकांची सरकारी परीक्षापद्धतही तिनेच बंद केली. ग्वांगशू तिच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी वारला आणि त्याच्या केसांत आर्सेनिक सापडलं, हे मात्र मी नाकारत नाही.

धागाकर्ती
@प्रतिसाद १, कॅमेरा चीनमध्ये कसा वावरला हेही बघा. फेलिचे बियातो या युद्धछायाचित्रकाराने १८५८ मध्ये लखनौला सिकंदरबागेत, १८५७ च्या उठावात मेलेल्यांच्या विखुरलेल्या हाडांसकट फोटो काढला. तोच माणूस १८६० मध्ये ब्रिटिश फौजेबरोबर चीनला गेला आणि दागूच्या किल्ल्यात पडलेली चिनी प्रेतं टिपली. आपली आणि त्यांची, दोघांची प्रेतं एकाच माणसाच्या काचेवर. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी एक चिनी बाई कॅमेऱ्यासमोर बसते आणि कुठे बसायचं, काय नेसायचं हे स्वतः ठरवते. याचं मोल मला फार वाटतं.

प्रतिसाद १
बियातोचा मुद्दा मान्य, तो मला सुचला नव्हता. पण त्सिशीचा बर्फातला समूहफोटो बघा. त्यात ग्वांगशूची एक राणी, जिन, उभी आहे. तिची सख्खी बहीण जन ही त्याची लाडकी राणी. १९०० मध्ये पळापळीच्या वेळी ती राजवाड्यातल्या विहिरीत मेली. त्सिशीच्या हुकमाने ढकलली, असंच आजही मानतात. तीन-चार वर्षांनी जिनला त्याच बाईशेजारी गप्प उभं राहावं लागलं. माझी नजर त्सिशीवर जातच नाही, जिनवर जाते.

धागाकर्ती
तो फोटो आत्ता पुन्हा काढून बघितला. इतकी वर्षं बघत होते, पण जिनकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.