मदत हवी आहे: जोशुआ ट्रीमधलं हे इवलंसं पांढरं फूल नेमकं कोणतं?

मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कच्या दक्षिण टोकाला, वाळूत दिसलं. रोप जमिनीला चिकटलेलं, तळहाताएवढं. फूल दीड-दोन सेंटिमीटर, शेवंतीच्या कुळातलं: कडेला पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळं. पानं अरुंद, सगळीकडे ताठ पांढरी लव. गुडघे टेकल्याशिवाय नीट दिसतच नाही!

फोटोवरून झाडं ओळखणारं ॲप ‘डेझर्ट स्टार’ म्हणतंय. मोनोप्टिलॉन प्रजाती (जीनस) मलाही पटते, पण तिच्यात जाती (स्पीशीज) दोन, बेलिऑइडिस आणि बेलिडिफॉर्म. खरा फरक बीवरच्या केसांत. दुसरीला एकच केस, टोकाशी पिसासारखा. पार्कात तोडायला बंदी, म्हणून बी हाताशी नाही. वरून आणि बाजूने काढलेले फोटो तेवढे आहेत. पानं-पाकळ्यांवरून जात सांगता येईल, की प्रजातीवरच थांबावं?